कम्युनिटी कॉलेज आणि त्याच्या बातम्या

'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द आता आपल्याकडे अगदीच अपरिचित राहिलेला नाही. १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने या नावाची संस्था सुरू केली आणि पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी याच नावाची एक योजना आखली. परंतु हा शब्द ज्या भूमीतून आला त्या अमेरिकेत त्याचा अर्थ काय, असे विचारू गेल्यास बहुतेकांची समजूत धूसर असते. आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची थोरली बहीण लग्न होऊन कॅलिफोर्नियात गेली आणि तिने तेथील अशाच एका कॉलेजात नाव घातले. त्यावर ही मुलगी मला विचारू लागली, "मॅडम, ते खरं कॉलेज असतं का? की आपल्याकडच्या क्लाससारखं काहीतरी?" प्रश्न भाबडा होता, पण दोन वाक्यांत उत्तर देण्यासारखा नव्हता. म्हणून ते उत्तर या लेखात द्यावे, असे योजिले आहे.

माझी आतेबहीण गेली पंचवीसएक वर्षे सॅन फ्रॅन्सिस्कोच्या परिसरात राहते. पुणे विद्यापीठाची गणिताची एम.एस्सी. आहे आणि तिकडच्या दोन कम्युनिटी कॉलेजांत गणित शिकवते. २०१८ च्या उन्हाळी सुटीत मी तिच्याकडे सहा आठवडे राहिले होते. ती सकाळी तासाला गेली की घरात साठलेली कॉलेजांची बातमीपत्रे वाचत बसणे, हा माझा उद्योग. कोणत्याही संस्थेची माहितीपुस्तिका वाचली की त्या संस्थेला कसे दिसावेसे वाटते ते कळते. ती प्रत्यक्षात कशी आहे, हे कळायचे तर तिच्या घरगुती बातम्या वाचाव्यात. कोण रुजू झाले, कोण निवृत्त झाले, कोणाला रजा मिळाली, कोणत्या दालनात किती वाजता कोणते व्याख्यान आहे, या बारीक टायपातल्या मजकुरात संस्थेचा स्वभाव उतरलेला असतो. आपल्या वार्षिकांकातील 'महाविद्यालय-वृत्त' बरीच वर्षे मीच संकलित करीत असल्यामुळे हा माझ्या आवडीचा वाङ्मयप्रकार आहे, असे म्हटले तरी चालेल. पुढे जे लिहिले आहे त्याचा मोठा भाग या वाचनातून सुचलेला आहे.

प्रथम थोडा इतिहास. इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांनी मिळून १९०१ मध्ये एक प्रयोग केला. विद्यापीठाच्या पहिल्या दोन वर्षांचा अभ्यास गावातच, हायस्कूलच्या इमारतीत शिकवायचा. विद्यार्थी होते सहा. हेच जोलिएट ज्युनिअर कॉलेज, आणि ते आजही चालू आहे. आपण 'ज्युनिअर कॉलेज' म्हटले की अकरावी-बारावी समजतो. तेथे मात्र त्याचा अर्थ पदवीची पहिली दोन वर्षे असा होता. हार्परसाहेबांच्या मनात विद्यापीठाचे ओझे हलके करावे, ही कल्पना अधिक होती असे दिसते. खालची दोन वर्षे अन्यत्र गेली म्हणजे विद्यापीठ संशोधनाला मोकळे. गरिबांच्या शिक्षणाचा कळवळा हा या चळवळीत नंतर आलेला आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगते, कारण चांगल्या संस्थांच्या जन्मकथा नंतर फार गोड करून सांगितल्या जातात.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा, असा कायदा १९४४ साली झाला आणि कॉलेजांच्या दाराशी प्रौढ माणसांची रांग लागली. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ साली अहवाल दिला. त्यात 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव उचलून धरलेले होते. कॉलेज गावाचे असावे, गावातल्या कोणालाही त्यात येता यावे, आणि फी आड येऊ नये, असा त्याचा आशय. नंतरच्या पंचवीस वर्षांत ही कॉलेजे गावोगाव निघाली. आज त्यांची संख्या सुमारे एक हजार आहे.

आता त्याचे चलन कसे, ते पाहू. प्रवेशासाठी गुणांची अट नाही. हायस्कूल संपवलेला कोणीही येऊ शकतो आणि वयाची मर्यादा नाही. अभ्यास 'युनिट'मध्ये मोजतात. सामान्यतः आठवड्याला तीन तासांचा एक विषय सत्रभर घेतला की तीन युनिट पदरात पडतात. साठ युनिट झाले की 'असोसिएट' पदवी. ती घेऊन विद्यापीठात गेले की थेट तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. कॅलिफोर्नियात राज्याच्या रहिवाशाला २०१२ पासून एका युनिटला ४६ डॉलर पडतात. म्हणजे दोन वर्षांचे, साठ युनिटांचे शिक्षण २,७६० डॉलरमध्ये. त्याच राज्यातील कॅलिफोर्निया विद्यापीठाची एका वर्षाची फी बारा हजार डॉलरहून अधिक आहे, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या स्वस्ताईचा अर्थ कळतो. १९८४ पर्यंत तर ही कॉलेजे कॅलिफोर्नियात मोफतच होती. त्या साली युनिटमागे पाच डॉलर आकारायला सुरुवात झाली, तेव्हाही पुष्कळ ओरड झाली होती.

पण केवळ 'विद्यापीठाची स्वस्त पायरी' एवढेच त्याचे रूप नाही. त्याच इमारतीत परिचारिका तयार होतात, मोटार दुरुस्ती शिकवली जाते, नव्याने आलेल्या स्थलांतरितांना इंग्रजी शिकवले जाते, आणि साठी उलटलेले आजोबा मातीची भांडी करायलाही येतात. आपल्याकडे आय.टी.आय., रात्रशाळा, कला महाविद्यालय आणि प्रौढ शिक्षण वर्ग यांना एकाच छपराखाली आणून एकच प्राचार्य नेमला तर जे होईल, त्याच्या जवळपासचे हे चित्र आहे. तेव्हा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय, खरे कॉलेज असते. फक्त 'कॉलेज' या शब्दाची आपली व्याख्या अरुंद आहे.

एखादे उदाहरण घेतल्याशिवाय हे नीट कळणार नाही. म्हणून सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सिटी कॉलेजकडे वळते. ते १९३५ साली मंदीच्या ऐन काळात सुरू झाले. स्वतःची इमारत नव्हती. सकाळचे तास एका ठिकाणी, दुपारचे गॅलिलिओ हायस्कूलमध्ये, आणि मधल्या वेळात विद्यार्थी ट्रॅम पकडून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जात. लोकांनी त्याला 'ट्रॉली कार कॉलेज' असे नाव ठेवले. विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र 'द गार्ड्समन' हेही १९३५ चेच, म्हणजे कॉलेजला छप्पर मिळण्याआधी त्याला वर्तमानपत्र मिळाले. १९३६ मध्ये हॉटेल आणि उपाहारगृह चालवण्याचा अभ्यासक्रम आला. तो त्या देशातील अशा जुन्या अभ्यासक्रमांपैकी एक आहे. १९४० साली टेकडीवर सायन्स हॉलची इमारत उभी राहिली. तिचे वास्तुविशारद टिमोथी फ्लुगर.

या फ्लुगरसाहेबांमुळे कॉलेजच्या बातम्यांत पुढे ऐंशी वर्षे पुरेल असा एक विषय आला. १९४० साली शहरालगतच्या ट्रेझर आयलंडवर मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे लोकांच्या डोळ्यांदेखत चित्र काढण्यासाठी त्यांनी मेक्सिकोचे चित्रकार दिएगो रिवेरा यांना बोलावले. रिवेरांनी बावीस फूट उंच आणि चौऱ्याहत्तर फूट रुंद असे भित्तिचित्र दहा तुकड्यांत रंगवले. 'पॅन अमेरिकन युनिटी' हे त्याचे नाव. याच मुक्कामात रिवेरा आणि फ्रीडा काहलो यांनी सॅन फ्रॅन्सिस्कोत पुन्हा एकदा लग्न केले. चित्रात फ्रीडाही आहे. ते चित्र सिटी कॉलेजच्या नियोजित ग्रंथालयात बसवायचे होते. पण युद्ध आले, १९४६ मध्ये फ्लुगर वारले, ग्रंथालय बांधलेच गेले नाही, आणि जगप्रसिद्ध कलावंताचे चित्र जवळजवळ वीस वर्षे खोक्यांत पडून राहिले. १९६१ मध्ये ते कॉलेजच्या नाट्यगृहाच्या दर्शनी दालनात लावण्यात आले. दालन अरुंद, त्यामुळे चित्र एका नजरेत मावत नाही. मी २०१८ मध्ये पाहिले तेव्हा डावीकडून उजवीकडे चालत जाऊन पाहावे लागले. जवळच काही मुले भिंतीला टेकून दप्तर पायाशी घेऊन बसली होती. त्यांच्यातील कोणी वर मान करून चित्र पाहत नव्हते, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. चित्र त्यांच्या रोजच्यातले झाले होते. २०२१ मध्ये ते दहाही तुकडे सोडवून शहरातील आधुनिक कलेच्या संग्रहालयात नेण्यात आले आणि पुढे सुमारे अडीच वर्षे तेथे लोकांनी पाहिले.

आता मूळ विषय, म्हणजे बातम्या. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजचे बातमीपत्र उघडले की काही शब्द पुनःपुन्हा भेटतात. ते समजले की निम्मी संस्था समजते. पहिला शब्द 'टेन्युअर'. नवा पूर्णवेळ प्राध्यापक चार वर्षे परीक्षेवर असतो. सहकारी, विभागप्रमुख आणि विद्यार्थी यांच्याकडून त्याच्या अध्यापनाची तपासणी होते, आणि ती पार पडली की कायमची नेमणूक. ज्यांना ती मिळाली त्यांची नावे बातमीपत्रात अभिनंदनासह येतात. दुसरा शब्द 'सबॅटिकल', म्हणजे अभ्यासासाठी मिळणारी सवेतन रजा. कोण कशासाठी गेले आणि परतल्यावर काय सांगणार आहे, याचीही बातमी होते. तिसरा शब्द मला सुरुवातीला कोड्यात टाकणारा वाटला: 'क्लासिफाइड'. गुप्त कागदपत्रांशी त्याचा काही संबंध नाही. शिकवण्याचे काम न करणारे सर्व कर्मचारी, म्हणजे लेखनिक, प्रयोगशाळा साहाय्यक, बागकाम करणारे, कुलुपे-किल्ल्या सांभाळणारे, या सर्वांना तेथे 'क्लासिफाइड' म्हणतात. मे महिन्यात त्यांच्या गौरवाचा एक सप्ताह राज्यभर असतो आणि त्या आठवड्याच्या बातमीपत्रात छायाचित्रे त्यांचीच. आपल्याकडे शिपाईदादांचे छायाचित्र वार्षिकांकात येते ते निवृत्तीच्या वर्षी, किंवा त्याहून वाईट प्रसंगी. हा फरक मला चटकन जाणवला.

कार्यक्रमांच्या स्तंभात आपल्या ओळखीचे पुष्कळ सापडते: काव्यवाचन, नाटकाचे प्रयोग, चित्रप्रदर्शन, फुटबॉलचे सामने, पदवीदान. पण त्यांच्या मध्ये मध्ये असे काही येते की त्यावरून कॉलेजात कोण शिकते ते कळावे. नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग. चिनी नववर्षाचा सोहळा. विद्यापीठांचे प्रतिनिधी येऊन बसतात आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची माहिती देतात तो दिवस. आणि 'फूड पँट्री', म्हणजे गरजू विद्यार्थ्यांनी येऊन डबे, तांदूळ, दूध मोफत न्यावे अशी खोली. ती आठवड्यातून कोणत्या वारी उघडी असते, याची चौकट व्याख्यानमालेच्या शेजारीच. श्रीमंत देशातील कॉलेजच्या बातमीपत्रात ही चौकट पाहून मी बहिणीला विचारले, तर ती म्हणाली, "ताई, माझ्या सकाळच्या वर्गात रात्रपाळी करून येणारी मुलं आहेत. काही जण गाडीत झोपतात. गणित नंतर, आधी काही खाल्लंय का ते बघावं लागतं." यावर मी काय बोलणार?

सिटी कॉलेजच्या बातम्यांत एक पर्व मात्र असे आले की त्यात अभिनंदने आणि व्याख्याने मागे पडली. ते समजण्यासाठी 'ॲक्रेडिटेशन' काय चीज आहे हे समजले पाहिजे. आपल्याला 'नॅक' माहीत आहे. १९९४ साली ही संस्था स्थापन झाली, ती बंगळुरूला आहे, आणि तिची समिती यायची म्हणजे कुंपणाला रंग लागतो, हेही आपण जाणतो. आपल्याकडे श्रेणी कमी मिळाली तर नाचक्की होते, अनुदानांत अडचण येते, पण महाविद्यालय चालू राहते. अमेरिकेत ही मान्यता गेली की विद्यार्थ्यांना मिळणारे केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य बंद होते आणि तेथे मिळवलेले युनिट दुसरीकडे कोणी धरत नाही. म्हणजे कॉलेजला टाळे लागणे फक्त बाकी राहते.

जुलै २०१२ मध्ये सिटी कॉलेजला त्याच्या मान्यता-आयोगाने 'तुमची मान्यता का काढू नये याचे कारण दाखवा' अशी नोटीस दिली. त्या वेळी कॉलेजात पंच्याऐंशी-नव्वद हजार विद्यार्थी होते. आयोगाचे आक्षेप शिकवण्याच्या दर्जापेक्षा कारभारावर आणि पैशांच्या नियोजनावर अधिक होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात शहरातील मतदारांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांनी आपल्यावर एक नवा कर बसवून घेतला, प्रत्येक मालमत्तेमागे वर्षाला ७९ डॉलर, आणि तो कॉलेजला दिला. तरीही जुलै २०१३ मध्ये आयोगाने मान्यता वर्षभरानंतर काढून घेण्याचे जाहीर केले. कॉलेजचा कारभार पाहणारे सात जणांचे विश्वस्त मंडळ शहरातील मतदार निवडून देतात. राज्याने त्याचे अधिकार बाजूला सारून एक विशेष विश्वस्त नेमला. मग शहराच्या सरकारी वकिलाने आयोगावरच खटला भरला. न्यायालयाने मान्यता काढण्यास मनाई केली आणि २०१५ च्या आरंभी निकाल दिला की, आयोगाने प्रक्रियेत कायद्याचा भंग केला आहे. अखेर जानेवारी २०१७ मध्ये सात वर्षांसाठी मान्यता कायम झाली. त्याच वर्षाच्या शरदात शहराने आपल्या रहिवाशांची फी स्वतः भरण्याची योजना सुरू केली. पैसा आला तो पन्नास लाख डॉलरहून महाग मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवर बसवलेल्या वाढीव करातून. त्या कराला मतदारांनी २०१६ मध्ये मान्यता दिली होती.

कोणाची बाजू खरी, यावर मी निवाडा देणार नाही. कॉलेजचा हिशेब ढिला होता, हे कॉलेजचे मित्रही मान्य करतात. पण पाच वर्षे 'हे कॉलेज बंद पडणार' अशी बातमी दररोज छापून आल्यावर विद्यार्थी राहतील कसे? हजारोंनी गेले. जे गेले त्यांतले पुष्कळ दुसऱ्या कोणत्याही कॉलेजात गेले नसतील, असे मला वाटते. रात्री इंग्रजी शिकायला येणारी बाई एक वर्ग बंद झाला म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाला जात नाही. ती घरी बसते. विद्यार्थी घटले म्हणजे राज्याचे पैसे घटले, आणि पैसे घटले म्हणजे शिक्षक जड झाले. मे २०२२ मध्ये कॉलेजने ३८ पूर्णवेळ प्राध्यापकांना कमी केले.

येथे बातमीपत्रांचा अभ्यास करणाऱ्याने एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे पूर्णवेळ शिक्षकाला पुढच्या वर्षी कमी करायचे असेल तर १५ मार्चपूर्वी लेखी सूचना द्यावी लागते. म्हणून मार्च आला की तेथील शिक्षकांच्या घरी टपाल कोणी आधी उघडायचे यावरून ताण असतो. सूचना आली की सुनावणी होते, सभा होतात, विद्यार्थी फलक घेऊन उभे राहतात, वृत्तपत्रे लिहितात. अडतीस हा आकडा आपल्यापर्यंत पोहोचला तो त्यामुळेच. पण त्याच सुमारास तास न मिळाल्यामुळे जे अर्धवेळ शिक्षक गेले त्यांचा आकडा असा ठळक कोठे येत नाही. त्यांना काढावे लागत नाही. त्यांची नेमणूक सत्रापुरतीच असते. पुढील सत्राच्या वेळापत्रकात नाव आले नाही की झाले. न आलेल्या नावाची बातमी होत नाही.

हे अर्धवेळ शिक्षक म्हणजे काही चार-दोन अपवाद नव्हेत. अमेरिकेच्या कम्युनिटी कॉलेजांत शिकवणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अर्धवेळ आहेत. कॅलिफोर्नियाने १९८८ साली कायद्यातच उद्दिष्ट लिहून ठेवले की पंच्याहत्तर टक्के शिकवण्याचे काम पूर्णवेळ प्राध्यापकांकडून व्हावे. उद्दिष्ट अजून उद्दिष्टच आहे. आणि गंमत अशी की, अर्धवेळ शिक्षकाचे संरक्षण करणारा नियमच त्याला रस्त्यावर आणतो. एका कॉलेज-जिल्ह्यात अर्धवेळ शिक्षकाला पूर्ण भाराच्या सदुसष्ट टक्क्यांहून अधिक काम देता येत नाही. २००९ पूर्वी ही मर्यादा साठ टक्के होती. पूर्ण भार साधारण पाच विषयांचा. तीन विषय म्हणजे साठ टक्के, चार म्हणजे ऐंशी. अर्थात तीनच मिळणार. तीन विषयांत त्या महागड्या प्रदेशात घर चालत नाही. म्हणून मग दुसऱ्या जिल्ह्यातील कॉलेजात आणखी दोन-तीन विषय घ्यायचे आणि मधले अंतर मोटारीने कापायचे. अशा शिक्षकांना तेथे 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. १९३५ मध्ये विद्यार्थी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात ट्रॅमने जात होते. आता शिक्षक जातात.

माझी बहीण त्यांपैकीच एक. तिच्या मोटारीच्या मागच्या डब्यात दोन खोकी असतात, एकेका कॉलेजचे एकेक, आणि त्यांत उत्तरपत्रिका. तिला स्वतःची खोली कोणत्याच कॉलेजात नाही. विद्यार्थ्यांच्या शंका ती वर्गाबाहेरच्या बाकावर बसून सोडवते. मी तिला एकदा विचारले, "इतकी वर्षं शिकवतेस, या बातमीपत्रांत तुझं नाव कधी आलं?" ती हसली. म्हणाली, "आलं होतं ना. पार्किंगचे नवे नियम जाहीर झाले तेव्हा, संपर्कासाठी नावं दिली होती, त्यांत चुकून माझंही पडलं." सॅन फ्रॅन्सिस्कोत शिक्षक-संघटना जोरकस असल्याने तेथील अर्धवेळ शिक्षकांना इतर ठिकाणांपेक्षा बरे वेतन आणि आरोग्यविमा मिळतो. पण सर्वत्र तशी स्थिती नाही. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, तत्कालीन अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन या व्हाइट हाउसमध्ये राहत असतानाही व्हर्जिनियातील एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवत होत्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी तेथील शेवटचा तास घेतला. ही बातमी अर्थातच जगभर झाली.

हे सर्व वाचताना आपल्या वाचकांच्या मनात जे येत असेल ते मलाही येत होते. आपल्याकडे त्यांना 'तासिका तत्त्वावरील' म्हणतात. नेमणूक वर्षापुरती, मानधन तासांवर आणि ते हाती पडायला बहुधा पुष्कळ उशीर. एका शिक्षकाला आठवड्याला किती तासिका द्याव्यात यावर येथेही मर्यादा आहे आणि तिचा परिणामही तोच: सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी, मध्ये एस.टी. किंवा दुचाकी. तिकडच्या दोन गोष्टी मात्र आपल्याकडे नाहीत. त्यांचे काम किती टक्क्यांवर थांबावे आणि कायम शिक्षकांचे किती व्हावे हे तेथे कायद्याच्या पुस्तकात आकड्यांनी लिहिलेले आहे, त्यामुळे दर वर्षी कोणीतरी उठून तो आकडा विचारू शकतो. आणि त्यांची संघटना कायम शिक्षकांच्याच संघटनेत आहे, निदान पुष्कळ ठिकाणी.

यंदाचे 'प्राध्यापक-वृत्त' लिहायला बसले तेव्हा हे सारे डोक्यात होते. आपल्या इतिहास विभागात आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांना यंदा पीएच.डी. मिळाली. परंपरेने 'अभिनंदन' या सदरात कायम प्राध्यापकांचीच नावे येतात. मी त्यांचे नाव घातले. अंक-समितीच्या बैठकीत त्यावर चर्चा झाली. एका ज्येष्ठांनी सांगितलेले कारण मला नवे होते आणि ते येथे नोंदवून ठेवणे योग्य वाटते. ते म्हणाले, "बाई, नाव छापायला कोणाचा विरोध नाही. पण छापील अंक हा पुरावा होतो. सलग आठ वर्षे ही व्यक्ती येथे शिकवत होती, असे उद्या कोर्टात दाखवता येते. म्हणून पूर्वीपासून आपण टाळतो." म्हणजे इतकी वर्षे ज्याला मी विसराळूपणा समजत होते, तो विसराळूपणा नव्हता. माझे म्हणणे एवढेच होते की, खरी असलेली गोष्ट पुरावा ठरते म्हणून छापायची नाही, हे कला महाविद्यालयाच्या अंकाला शोभत नाही. प्राचार्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि तोडगा काढला. या अंकात 'यंदा अध्यापन करणारे' अशा मथळ्याखाली विषयवार सर्व नावे येतील. पदनाम कोणापुढेच नाही, कायम असो वा तासिकेवरील. सेवाकाळही नाही. पीएच.डी.चे अभिनंदन मात्र 'अभिनंदन' सदरातच. तोडगा अर्धाच आहे, पण यादी पूर्ण आहे.

यादीची मुद्रिते मी सर्वांना दाखवून सही घेतली. भूगोलाच्या एका तरुण शिक्षिकेने मुद्रित हातात घेतले, आपले नाव पाहिले, आणि हलक्या आवाजात विचारले, "मॅडम, हा अंक बाहेरच्या कॉलेजांनाही जातो का?" म्हटले, हो, विद्यापीठातील सर्व महाविद्यालयांना भेट जातो. त्या म्हणाल्या, "मग माझं नाव काढाल का? सकाळी मी तिकडेही शिकवते. इकडचं तिथे कळलं तर तिथले तास जातील."

भूगोलाच्या नावांत त्यामुळे एक नाव कमी आहे.